हिरव्या ओळी

"सगळ्या ओपन?" मगदूमसर आमच्या पाठीमागून ओरडले. "एकूण एक ओपन? अहो कुमुदताई, ही काय थट्टा लावलीय?"

थट्टा कुणाला सुचत होती! कुमुदताई, इम्तियाज आणि मी, तिघंही पडद्याकडे आ वासून बघत होतो. एक्सेलमधल्या हजारावर तक्रारी नव्या ट्रॅकरमध्ये, म्हणजे तक्रारींचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उतरवायची ती पहिली चाचणी होती. बटण दाबलं, चक्र फिरलं, तक्रारी सुखरूप आत गेल्या; पण प्रत्येकीपुढे लाल अक्षरांत 'ओपन'. कधीच्या काळी मिटलेल्या, ज्यांची आठवणसुद्धा कुणाला नाही, त्याही ओपन. बघणाऱ्याला वाटावं, हे लोक कंपनी काढल्यापासून नुसता चहा पीत बसलेत.

"रंग गेले," इम्तियाज म्हणाला.

"गेले? कुठं गेले?"

"गेले म्हणजे गेले, सर. ट्रॅकरला एक्सेल जसंच्या तसं चालत नाही, साध्या फाइलमध्ये उतरवून द्यावं लागतं. तिच्यात अक्षरं येतात, रंग येत नाहीत."

आणि आमचा तर सगळा कारभारच रंगांवर! दवाखान्याचा फोन आला की मी एक्सेलमध्ये एक ओळ लिहायची, ती पांढरी. इम्तियाजनं हातात घेतली की पिवळी. मिटली की हिरवी. झालं की राहिलं हे शब्दात लिहायला आमच्याकडं कॉलमच नव्हता, कारण तो कधी लागलाच नव्हता. सकाळी आल्या आल्या पिवळं किती दिसतंय ते बघून सर आपला दिवसभराचा मूड ठरवायचे.

ही मिरजेतली गोष्ट. दवाखान्यांच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करणारी आमची छोटी कंपनी होती. पेशंटचं रक्त घेतल्यापासून रिपोर्ट त्याच्या हातात पडेपर्यंतची सगळी नोंद आमच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायची. मगदूमसर मालक. इम्तियाज मुजावर प्रोग्रॅम लिहायचा. मी, शलाका, फोनवर तक्रारी घ्यायचे. तेव्हा मला लागून जेमतेम वर्ष होत आलं होतं. आणि कुमुदिनी आवटी, म्हणजे आमच्या कुमुदताई. त्यांचं पद काय होतं देव जाणे. नवीन काही बाहेर जाण्याआधी ते तपासायचं काम त्यांचं, गिऱ्हाईक चिडलं की त्याला शांत करायचं काम त्यांचं, आणि सर चिडले की सरांनाही. बाई ठेंगणी, आवाज खणखणीत, आणि बोलणं असं की ज्याला बोलल्या तोही हसून जायचा. आज मी पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, हुशार माणसं पैशाला पासरी बघितलीत. पण कुमुदताईंच्या जवळपास जाईल असं कुणी अजून भेटायचंय.

ट्रॅकरची घाई होती ती पुण्याच्या पाहुण्यांमुळं. हॉस्पिटलांचा एक मोठा गट आमचं सॉफ्टवेअर घ्यायच्या विचारात होता, आणि त्यांची अट अशी की तक्रारींची व्यवस्था रीतसर ट्रॅकरवर दाखवा, तुमचं ते रंगीत एक्सेल नको. बुधवारी त्यांच्या डॉक्टरबाई बघायला येणार होत्या. हे काम मिळालं तर कंपनी तरणार होती. नाही मिळालं, तर दिवाळीनंतर निम्म्या लोकांना घरी बसवावं लागेल असं सरांनी आम्हाला उघड सांगून टाकलं होतं.

"सोपं आहे, सर," इम्तियाज म्हणाला. "एक नवीन कॉलम घालायचा. हिरव्या ओळी गाळून बाजूला काढायच्या, पहिलीपुढे 'क्लोज' लिहायचं आणि खाली ओढत न्यायचं. चहा येईपर्यंत होतंय."

"मग करा की! जीव काढला माझा," असं म्हणून सर आपल्या खोलीत गेले.

कुमुदताईंनी चाचणीच्या तक्रारी पुसल्या, एक्सेल उघडलं, हिरव्या तेवढ्या ओळी वेगळ्या काढल्या. पडदा नुसता हिरवागार झाला. पहिल्या ओळीपुढे त्यांनी 'क्लोज' लिहिलं, माउस दाबून धरला आणि तशाच थांबल्या.

"शलाका, तू ओळ हिरवी कधी करतेस गं?"

"इम्तियाजनं दुरुस्ती पाठवली आणि आठ दिवसांत परत फोन आला नाही, की."

"आठ दिवस फोन आला नाही, की," त्या माझं वाक्य चाखल्यासारखं म्हणाल्या. "हा नियम कुणी काढला?"

मी इम्तियाजकडं बघितलं, इम्तियाज छताकडं.

"तुम्हीच, ताई," तो म्हणाला. "मी लागलो तेव्हापासून आहे."

"मीच. होय की." त्यांनी माउस सोडला. "म्हणजे हिरवं म्हणजे मिटलं असं नाही. हिरवं म्हणजे समोरचा गप्प बसला. का गप्प बसला ते आपण कुणी विचारलं नाही, आणि हा शहाणपणा माझाच."

"ताई, आता त्याचं काय करायचं?" मी म्हटलं. "बुधवार आलाय तोंडावर."

"फोन करायचे. बटणाचा रंग बदला, अक्षर मोठं करा असल्या तक्रारी सोड. जिथं रिपोर्ट चुकला, नाव चुकलं, नंबर चुकला, तेवढ्या काढ. ज्यानं सांगितलं होतं त्यालाच विचारायचं, मिटली का म्हणून. हो म्हणाला तर क्लोज."

इम्तियाजनं कपाळाला हात लावला. मला मात्र, खरं सांगते, बाईचं डोकं फिरलंय असं वाटलं. पण त्यांना नाही म्हणायची ताकद आमच्यात नव्हती, आणि शनिवारी सकाळी मी कानाला फोन लावून बसले.

काय काय ऐकलं म्हणून सांगू! इस्लामपूरकडचे एक डॉक्टर म्हणाले, "कसली तक्रार? मी केली? मी तर कधी तक्रारच करत नाही." एका लॅबवाल्यानं, तो कॉम्प्युटरच मेव्हण्याला देऊन टाकलाय, असं सांगितलं. एक बाई इतक्या गहिवरल्या की स्वतःहून चौकशीला फोन करणारी पहिलीच कंपनी म्हणून त्यांनी मला लेकीच्या साखरपुड्याचं आवतण दिलं. बहुतेक ठिकाणी दुरुस्ती खरोखरच झाली होती, हिरव्याचं क्लोज होत होतं. सर येता-जाता "झालं का नाही अजून?" म्हणून फणकारत होते, आणि कुमुदताई "होतंय, होतंय" म्हणत पुढचा नंबर फिरवत होत्या.

सोमवारी दुपारी जतच्या पलीकडच्या एका धर्मादाय दवाखान्याची ओळ आली. फोन कुमुदताईंनीच लावला, स्पीकरवर टाकला. तिथल्या लॅबच्या निर्मला सनदी बोलत होत्या.

"आता गं बया! मिरजेहून? आज कशी काय आठवण झाली?"

"सनदीबाई, तुम्ही मागं एक सांगितलं होतं. प्रिंटर अडकला आणि रक्ताच्या ट्यूबवरचं लेबल परत काढलं, तर त्याच्यावर आधीच्या पेशंटचा नंबर येतो म्हणून. ते आता मिटलंय का, विचारायला फोन केला."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कुठलं मिटतंय," सनदीबाई म्हणाल्या. "तसंच आहे की ते. काल पण आलं."

"मग परत फोन का नाही केलात हो?"

"तीनदा केला. दरवेळी गोड बोललात, झालंय म्हणालात, आणि दरवेळी परत आलं. चौथ्यांदा म्हटलं, यांना सांगत बसण्यापेक्षा आपणच डोळ्यांत तेल घालून बघावं. आता प्रत्येक ट्यूब मी स्वतः रजिस्टरशी लावून बघते. चालतंय आपलं."

कुमुदताईंचा चेहरा उतरला. "चुकलं आमचं," त्या म्हणाल्या. सबब नाही, सारवासारव नाही, एवढंच.

इम्तियाज तोवर उठून आमच्या ऑफिसातल्या प्रिंटरकडं गेला होता. त्यानं लेबल सोडलं, अर्ध्यात कागद खेचून धरला, प्रिंटर कुरकुरून थांबला. झाकण उघडून परत बसवलं, लेबल परत काढलं. ते हातात घेऊन तो आला आणि आमच्यापुढे टेबलावर ठेवलं. नाव बरोबर होतं. नंबर आधीच्या माणसाचा.

"अल्ला," तो हळूच म्हणाला. ट्यूबवर नंबर दुसऱ्याचा, म्हणजे रिपोर्ट दुसऱ्याचा, म्हणजे औषध दुसऱ्याचं. हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

"किती वेळ लागेल?" ताईंनी विचारलं.

"घाईत केलं तर उद्या. पण घाईत तीनदा केलंय ना आपण. नीट करायचं तर मुळातून उकरावं लागेल. आठवडा तरी धरा."

"नीट कर."

मंगळवारी सगळ्या ओळींपुढे शब्द लिहून झाले. सर बघायला आले तेव्हा सगळ्यात वर सनदीबाईंच्या लेबलची ओळ ओपन होती, तीही सर्वांत गंभीर प्रकारात. बाकीच्या ओपन चार-सहा किरकोळ होत्या. सरांनी ती वरची ओळ वाचली आणि खुर्ची ओढून बसले.

"कुमुदताई, ही उद्यापुरती क्लोज दाखवा."

"सर?"

"उद्यापुरती. परवा सकाळी पहिलं काम, परत ओपन करा. इम्तियाज दुरुस्त करतोयच ना? मी काय दडपा म्हणतोय का? एका दिवसाचा प्रश्न आहे."

"एक दिवस खरा," ताई म्हणाल्या, "पण नेमका ज्या दिवशी कुणीतरी विचारायला येणार तोच."

"अहो, माणसांच्या पोटावर येईल! ही शलाका, तो इम्तियाज, तुम्ही स्वतः. तुमची लेक बारावीला आहे. मला काय हौस आहे का असलं सांगायची?"

त्यांचा आवाज चिरकला. मगदूमसर वाईट माणूस नव्हते हो. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात सगळ्यांत आधी तेच येऊन बसले होते. आणि मनातून मलाही वाटत होतं की ताईंनी ऐकावं. निम्म्या लोकांना घरी बसवायचं झालं तर सगळ्यांत नवी मीच होते.

कुमुदताई उठल्या. त्यांनी फाइल ट्रॅकरच्या तोंडाशी नेऊन ठेवली, शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं, आणि आपली खुर्ची सरांकडं वळवली.

"बसा, सर. मालक तुम्ही आहात. त्या ओळीपुढे 'क्लोज' लिहा आणि दाबा. जो तक्रारी आत टाकतो त्याचं नाव ट्रॅकर स्वतःच लिहून ठेवतो. मी दाबलं तर त्या ओळीवर माझं नाव पडेल, आणि सनदीबाईंनी विचारलं तर मला उत्तर देता यायचं नाही. तुम्हाला देता येत असेल तर मी मध्ये येत नाही."

सर बसले. माउस हातात धरला. इम्तियाज तर भिंतीकडं तोंड करून उभा होता. सरांनी ती ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत, लहान मूल वाचतं तशी. मग ते उठले.

"तुम्हीच दाबा," ते म्हणाले. "आहे तसं." आणि पाणी प्यायला गेले.

बुधवारी डॉक्टर रणदिवे आल्या. शिडशिडीत, कमी बोलणाऱ्या. सरांनी कांदेपोहे मागवले होते, बाईंनी हात लावला नाही. थेट ट्रॅकर दाखवा म्हणाल्या. कुमुदताईंनी दाखवला. बाईंची नजर वरच्या लाल ओळीवर गेली, त्यांनी ती मोठ्यानं वाचली.

"हे अजून ओपन आहे?"

"हो. दुरुस्ती चाललीय. तुमच्याकडं तोच प्रिंटर असेल तर तुमच्याकडंही येईल."

सरांनी डोळे मिटून घेतले.

"दुसऱ्या कंपनीनं काल आम्हाला ट्रॅकर दाखवला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडं एकही तक्रार ओपन नव्हती."

त्यांच्या जागी मी असते तर काहीतरी खोचक बोलून गेले असते. कुमुदताई म्हणाल्या, "चांगलं आहे की. त्यांचं काम मी बघितलेलं नाही, मला सांगता यायचं नाही."

"तुमच्याकडं क्लोज केव्हा म्हणतात?"

"गेल्या शुक्रवारपर्यंत माझी व्याख्या चुकीची होती. आता ज्याला त्रास झाला त्यानं मिटलं म्हटलं, की म्हणतो."

डॉक्टरबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, आभार मानले आणि गाडीत बसून गेल्या. पोहे आम्ही संपवले. कुमुदताईंनी दोन बश्या खाल्ल्या, आणि मी बघतच राहिले. या बाईला काळजी नव्हती असं नाही. आदल्या संध्याकाळी त्या लेकीच्या क्लासच्या फीबद्दल नवऱ्याशी फोनवर दबक्या आवाजात बोलत होत्या, ते मी ऐकलं होतं. पण मनात खुपत काही नव्हतं, म्हणून भूक लागत होती.

पुढच्या आठवड्यात सर सकाळी आले ते बॅग न ठेवताच आमच्यापुढं उभे राहिले. "नाही म्हणाले," एवढंच बोलले. काम दुसऱ्या कंपनीला गेलं होतं.

इम्तियाज खाकरला. "ताई, लेबलचं झालं. काल दिवसभर प्रिंटर अडकवून बघितलाय, एकदाही चुकला नाही. सनदीबाईंच्या कॉम्प्युटरवरही चढवलंय."

"मग फोन लाव," कुमुदताई म्हणाल्या.

तशा बातमीनंतर दुसरं माणूस डोकं धरून बसलं असतं. सरही जागचे हलले नाहीत. फोन स्पीकरवर लागला, ताईंनी सनदीबाईंना प्रिंटर मुद्दाम अडकवायला लावला. पलीकडं खडखड ऐकू आली, झाकण उघडल्याचा आवाज आला. परत एकदा. आणखी एकदा. आम्ही चौघं त्या फोनभोवती वाकून उभे.

"बरोबर येतोय," सनदीबाई म्हणाल्या. मग थांबून, जरा वेगळ्याच आवाजात: "नक्की ना हो? परत नाही ना येणार?"

"आम्हाला नाही आला. तुमचं तुम्ही सांगायचं."

"नाही, नक्की असेल तर मी रजा टाकीन म्हणते."

"टाका की. त्यात काय?"

"टाकलीच नाही हो, हे सुरू झाल्यापासून. एक दिवस नाही. इथं एक नवा मुलगा आहे हाताखाली, चांगला आहे, पण त्याच्यावर सोडायला जीव होईना. मी नसले आणि एखादी ट्यूब बदलली तर? आई गेली तेव्हा माती सावडली आणि दुसऱ्या दिवशी कामावर आले. भाऊ अजून बोलत नाही माझ्याशी." त्यांनी नाक ओढलं. "आता जाऊन येते म्हणते माहेरी. पंधरा दिवस."

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. सरांनी तोंड फिरवून चष्मा पुसायला घेतला. कुमुदताई मात्र हसल्या, आवाज तसाच खणखणीत ठेवून म्हणाल्या, "जावा. महिनाभर जावा. त्या मुलाला माझा मोबाइल नंबर देऊन ठेवा."

"माझाही द्या," सर म्हणाले.

फोन ठेवला. मी डोळे पुसून ट्रॅकर उघडला, ती वरची लाल ओळ काढली आणि 'क्लोज' करायला गेले, तर ताईंनी माझं मनगट धरलं.

"आत्ता नाही."

"अहो, बरोबर येतोय म्हणाल्या ना त्या?"

"त्या तिथं आहेत तोवर बरोबरच येणार. त्यांना जाऊन येऊ दे. त्यांच्या मागं नीट चाललं, तर क्लोज."

ती ओळ तशीच राहिली. रोज सकाळी ट्रॅकर उघडला की सगळ्यांत वर, लाल. मधल्या काळात दिवाळी झाली, आणि सर बोलले होते तसंच झालं. मागच्या बाजूची टेबलं रिकामी व्हायला लागली. घरी बसवायच्या यादीत माझं नाव होतं. सरांनी खोलीत बोलावून सांगितलं, सांगताना माझ्यापेक्षा तेच जास्त रडवेले झाले होते. कुमुदताई दारात उभ्या होत्या. "माझ्यामुळं गेली गं तुझी नोकरी," त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं नाही. त्यांच्यामुळंच गेली होती. पण राग शोधून सापडेना, हेही त्यांना सांगितलं.

माझ्या शेवटच्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी उचलला. सनदीबाई होत्या.

"आले बाई जाऊन. भावानं ठेवूनच घेतलं, सोडेचना. इथं प्रिंटर दोनदा अडकला म्हणे. पोरानं परत लेबल काढलं, दोन्ही वेळा नंबर बरोबर. मी नव्हतेच बघायला." त्या हसल्या. "मिटली म्हणा ती तक्रार."

मी स्पीकर लावला होता. कुमुदताई आपल्या खुर्चीतून उठल्या आणि मला तिथं बसवलं.

"तू कर."

मी 'क्लोज' दाबलं. ट्रॅकरनं खाली एक रिकामी चौकट पुढं केली, कारण लिहा म्हणून. मी ताईंकडं बघितलं.

"लिही," त्या म्हणाल्या, "निर्मला सनदी रजेवर जाऊन आल्या."